ड्रम कोणाचा? : रोजनिशीतील पाने

3 जून 2025, मंगळवार

गल्लीच्या तोंडाशी रात्रीत दोन ड्रम आले. डांबराचे जुने, गंजलेले, आत राडारोडा आणि वरून सिमेंटचा थर. दोन्हींवर टेकवलेला आडवा बांबू, बांबूला लाल फडकं. कोणी ठेवले ते कोणी सांगत नाही आणि सगळ्यांना ठाऊक आहे.

कारणही सगळ्यांना ठाऊक आहे. कर्वे रस्त्यावर संध्याकाळी गाड्या तुंबल्या की मोबाइलमधला नकाशा लोकांना आमच्या गल्लीतून काढून देतो. गल्लीत फूटपाथ नावालाच. त्यावर झाडं, विजेची डीपी आणि उभ्या दुचाक्या. यंदा पाऊस मे महिन्यातच आला, त्यामुळे खड्डेही लवकर आले. तिन्हीसांजेला म्हाताऱ्या माणसांनी बाहेर पडायचं नाही असा अलिखित नियमच झाला होता. मागे इस्त्रीवाल्याच्या मुलाला स्कूटरचा धक्का लागला, कोपर सोललं, तेवढ्यावर निभावलं. ड्रम त्याच दिवशी ठरले असावेत.

रात्री पार्किंगमध्ये गल्लीतल्या सगळ्या सोसायट्यांची सभा. तळमजल्यावरचे काका म्हणाले, “रस्ता आमचा आहे, कर आम्ही भरतो.” समोरच्या बंगल्यातल्या वहिनी म्हणाल्या, “पोरांना खेळायला तरी मिळेल.” एक तरुण मुलगा म्हणाला, “गेटच बसवू, वॉचमन ठेवू.” शेवटी सेक्रेटरींनी मधला मार्ग काढला : ड्रम राहू देत, पण सोबत रीतसर अर्जही करू. अर्ज लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी गणिताची मास्तरीण. पण निवृत्त माणसाला वेळ असतो, एवढी पात्रता सभेला पुरली.

6 जून, शुक्रवार

घंटागाडी बांबूपर्यंत आली, गाणं वाजवत उभी राहिली आणि निघून गेली. कचरा गोळा करणाऱ्या ताईंनी ढकलगाडी लांबवर ठेवून बादल्या हाताने वाहिल्या. गॅसवाल्याने सिलिंडर खांद्यावर आणला आणि वर पैसे मागितले, ते रास्तच होते. शेवटच्या इमारतीतल्या आजोबांना डायलिसिसला न्यायला गाडी आली. ड्रायव्हर खाली उतरला, बांबू काढला, गाडी आत घेतली, पुन्हा उतरून बांबू होता तसा लावला.

संध्याकाळपर्यंत ही युक्ती स्कूटरवाल्यांनाही कळली. ते बांबू काढतात, पण परत लावत नाहीत. एकाने तर काकांच्या देखत काढला. काका ओरडले तेव्हा त्याने विचारलं, “तुम्ही कोण?” काकांना उत्तर सुचलं नाही. प्रश्न उर्मट होता, पण तोच खरा प्रश्न होता.

ज्याला घाई आणि ज्याच्या अंगात धमक, त्याला गल्ली उघडी. बंद आहे ती फक्त नियम पाळणाऱ्यांना.

9 जून, सोमवार

अर्ज घेऊन निघाले. एका कार्यालयात सांगितलं, आधी वाहतूक पोलिसांची ना हरकत आणा. दुसरीकडे सांगितलं, आधी महापालिकेचा अभिप्राय आणा. पूर्वी अशा वेळी माणूस नगरसेवकाकडे जायचा. पुण्यात नगरसेवकांची मुदत 14 मार्च 2022 ला संपली, तेव्हापासून कारभार प्रशासकांकडे. जे आहेत ते ‘माजी’ आणि ‘इच्छुक’. इच्छुक मात्र फार गोड बोलतात.

आवक-जावकच्या टेबलावरच्या कारकुनाने अर्ज नीट वाचला. चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, “मॅडम, ‘गल्लीच्या तोंडाशी ड्रम ठेवण्यात आले आहेत’ असं लिहिलंय. कोणी ठेवले?” मी म्हटलं, रहिवाशांनी. “रहिवाशांनी म्हणजे कोणी? नाव लिहा, सही घ्या. नाहीतर तो बेवारस अडथळा. बेवारस अडथळा आम्ही नोटीस न देता उचलतो, 231 खाली.”

घरी येऊन पाहिलं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949, कलम 231. रस्त्यावर नियमबाह्य उभारलेली किंवा ठेवलेली वस्तू आयुक्तांना विनानोटीस हटवता येते. हातगाड्या आणि टपऱ्या ज्या कलमाखाली उचलतात, त्याच कलमात आमचा ड्रम. इतकी वर्षं भाजीवाल्याच्या हातगाडीला ‘अतिक्रमण’ म्हणणाऱ्या काकांना हे कसं सांगावं ते कळेना. सांगितलं. ते म्हणाले, “त्याची गोष्ट वेगळी.”

12 जून, गुरुवार

नातवाने कायदे मोबाइलवर काढून दिले. मी वहीत उतरवून घेतले. हाताने लिहिल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही.

रस्त्याचे मालक तीन दिसतात. डांबर, पदपथ, दुभाजक महापालिकेकडे. त्यावरची वाहतूक पोलिसांकडे. आणि दोघांच्या डोक्यावर मोटार वाहन कायदा 1988. त्याचं कलम 115 : सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोय यासाठी राज्य सरकार, किंवा सरकारने अधिकार दिलेला अधिकारी, एखाद्या रस्त्यावर वाहनांना बंदी किंवा निर्बंध घालू शकतो. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना लागते. मात्र बंदी महिनाभराहून जास्त नसेल तर राजपत्राची गरज नाही, परिस्थितीप्रमाणे स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणजे कायद्याने महिनाभराची सवलत दिली ती राजपत्रापुरती. लोकांना कळवण्यातून एका दिवसाचीही सुटका नाही.

अडथळा उभारण्याचाही स्वतंत्र नियम निघाला. मुंबई पोलीस अधिनियम 1951, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, त्याचं कलम 34. वाहनं तात्पुरती थांबवून तपासण्यासाठी रस्त्यावर अडथळे उभारायला पोलीस आयुक्त एखाद्या अधिकाऱ्याला अधिकार देऊ शकतात. पोलिसालाही मनात आलं म्हणून बॅरिकेड आडवं टाकता येत नाही; वरून अधिकार यावा लागतो.

‘रस्ता आमचा’ याचंही उत्तर सापडलं. उत्तरेतल्या मंगलौर नावाच्या गावच्या नगरपालिकेला रस्त्याच्या कडेच्या रिकाम्या जागेत गांधीजींचा पुतळा, पाणपोई आणि वाचनालय करायचं होतं. सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं. रस्ता नगरपालिकेकडे सोपवलेला असतो तो रस्ता म्हणून वापरण्यासाठी, आणि जाण्यायेण्याचा हक्क त्याच्या पूर्ण रुंदीवर, कडेच्या जागेसकट, सगळ्या जनतेचा असतो. गांधीजींना जिथे जागा मिळाली नाही तिथे आमच्या ड्रमांना कुठून मिळणार?

आणि कलम 116. वाहतुकीचं चिन्ह लावायचा अधिकारही सरकारचा किंवा सरकारने नेमलेल्याचा. आमच्या शहरात ‘गेटसमोर वाहन लावल्यास हवा सोडण्यात येईल’ अशा पाट्यांचं पीक येतं. त्यांतल्या एकीलाही कायद्याचा आधार नाही. हवा मात्र खरोखर सुटते.

15 जून, रविवार

ड्रमांनी भागलं नाही म्हणून मधल्या बंगल्यापाशी रात्री कोणीतरी गतिरोधक घातला. बांधकामावरचं उरलेलं सिमेंट, खाली खडी. सकाळी मी टेप घेऊन उतरले. काका म्हणाले, “बाई, आता हे काय?” मी म्हटलं, मोजते.

रुंदी सव्वा फुटाच्या आत. उंची सहा इंचांच्या आसपास, एका टोकाला जास्तच. हा गतिरोधक नव्हे, उंबरा.

इंडियन रोड्स काँग्रेसचं गतिरोधकांसाठी 99 क्रमांकाचं मानक आहे, मूळ 1988 मधलं, 2018 मध्ये सुधारलेलं. मूळ मानकात गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मधोमध 10 सेंटिमीटर उंच. वक्राची त्रिज्या 17 मीटर. वाहनं ताशी 25 किलोमीटरने आरामात जावीत, त्याहून वेगात गेल्यास दणका बसावा, असा हिशेब. मला आकडे पडताळून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. जीवेचा अर्धा भाग 1.85 मीटर. त्याचा वर्ग 3.4225. भागिले त्रिज्येची दुप्पट, म्हणजे 34. उत्तर 0.1007. बरोबर दहा सेंटिमीटर! नववीच्या भूमितीतली जीवा आणि त्रिज्या अशी डांबरात झोपलेली असेल हे वर्गात कधी सांगता आलं नाही.

त्या मूळ मानकात आणखीही आहे : आधी 40 मीटरवर सूचनाफलक, वर काळ्या-पांढऱ्या चमकत्या रंगाचे पट्टे. अरुंद आणि उंच गतिरोधकाची गंमत अशी की मोठी गाडी त्यावरून सहज जाते, आणि दुचाकीवर मागे बसलेल्या बाईच्या मणक्याला तो बसतो. ज्यांच्यासाठी घातला ते निसटतात आणि दुखतं भलत्यालाच.

20 जून, शुक्रवार

पालख्या पुण्यात आल्या. दरवर्षीप्रमाणे नाना पेठेत माझ्या वहिनींकडे मुक्कामाला आले आहे. तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाच्या देवळात, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाकडे. फर्ग्युसन रस्ता, लक्ष्मी रस्ता, पेठांतले सगळे रस्ते गाड्यांना बंद. शहराचं निम्मं पोट आज वाहनांना मिटलेलं आहे आणि एकही माणूस चिडलेला दिसला नाही.

लोक म्हणतील, श्रद्धा. श्रद्धा आहेच. पण आज बारकाईने पाहिलं. वर्तमानपत्रात यादी होती : कोणता रस्ता, कुठून कुठपर्यंत, कधीपासून, पर्यायी मार्ग कोणता. चौकात बॅरिकेड, बॅरिकेडशी हवालदार. एक स्कूटरवाला थांबला, त्याने विचारलं, “साहेब, कधी उघडणार?” हवालदार म्हणाला, “शेवटची दिंडी पुढे गेली की. तुम्ही खालून, नदीकाठच्या रस्त्याने जा.” तो गेला. पालखी पुढे सरकते तसतसा मागचा रस्ता खुला होतो.

बंद करणारा समोर उभा आहे, उघडायची वेळ त्याला ठाऊक आहे आणि दुसरी वाट तो दाखवतो. एवढ्या तीन गोष्टींवर लाखो माणसं शहरातून सुखरूप पार होतात. आमच्या ड्रमांपाशी यांतली एकही नाही.

27 जून, शुक्रवार

आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत बर्कलीला असतो. शाळेच्या ग्रुपवर मी ड्रमांचा फोटो टाकला होता, तो पाहून त्याचा फोन. “बाई, असले अडथळे आमच्याकडे पन्नास वर्षांपासून आहेत.”

त्याने सांगितलेलं आणि नंतर वाचलेलं असं. बर्कलीने 1970 च्या दशकाच्या मध्यात निवासी रस्त्यांवर सिमेंटच्या मोठ्या कुंड्या आणि तिरके अडथळे घातले. चालणारा आणि सायकलवाला आरपार जातो, मोटारीला वळावं लागतं. काही ठिकाणी रस्त्याच्या मधोमध लोखंडी ठोकळा आहे. उंच अग्निशमन गाडी त्यावरून जाते, साध्या मोटारीचं पोट घासतं. लोकांनी बाजूनेही आणि विरुद्धही गदारोळ केला, हटवण्यासाठी मतदान झालं, मतदारांनी अडथळे ठेवले. मग प्रकरण कोर्टात गेलं. 1982 मध्ये ‘रम्फर्ड विरुद्ध बर्कली शहर’ या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराविरुद्ध निकाल दिला. वाहतूक हा राज्याचा विषय आहे. राज्याने अधिकार दिल्याशिवाय शहराला असे अडथळे घालता येणार नाहीत. शहरातल्या मतदारांचा कौल होता, तरीही! त्यानंतर विधिमंडळाने कायदा दुरुस्त करून शहरांना तो अधिकार दिला आणि कुंड्या जागच्या जागी राहिल्या.

मी त्याला विचारलं, “म्हणजे एवढं रामायण होऊन कुंडी एक इंचही हलली नाही?” तो म्हणाला, “नाही बाई, पण आता ती कोणाची आहे ते ठरलंय.”

मला वाटतं, आमच्या सगळ्या अर्जाचं सार या एका वाक्यात आलं.

4 जुलै, शुक्रवार

खडकीची मैत्रीण आली होती. छावणीच्या आसपास राहणाऱ्यांची जन्माची तक्रार : आज उघडा असलेला रस्ता उद्या लोखंडी फाटकाआड. तिला वाटायचं, लष्कराने बंद केला म्हणजे विचारायची सोय नाही.

तसं नाही. कटक मंडळ कायदा 2006, कलम 258. छावणीतला सार्वजनिक रस्ता बंद करायचा तर त्याची रीत ठरलेली आहे : जाहीर सूचना द्यायची, हरकती मागवायच्या, त्यांचा विचार करायचा. देशभर असे कितीतरी रस्ते ही रीत न पाळता बंद झाले होते. मे 2018 मध्ये संरक्षण मंत्रालयाने देशातल्या 62 छावण्यांमधले असे रस्ते खुले करायचा निर्णय घेतला. सुरक्षिततेचा प्रश्न खराच असतो, पण तो कागदावर मांडावा लागतो.

मैत्रीण म्हणाली, “लष्कराला कागद लागतो आणि तुमच्या काकांना नाही?” चहा झाल्यावर जाताना तिने मुद्दाम ड्रमांपाशी थांबून बांबू काढला, आणि परतही लावला. शिस्तीच्या भागात राहते.

13 जुलै, रविवार

पावसाने उघडीप दिली म्हणून आठवड्याभरात जमेल तेव्हा संध्याकाळी गॅलरीत बसून गाड्या मोजल्या. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. नातू ॲप सांगत होता, मी नको म्हटलं.

आकड्यांपेक्षा गाड्या कुठे थांबतात ते पाहण्यात मौज होती. ज्यांना आम्ही सरसकट ‘बाहेरचे’ म्हणतो त्यांतले बरेच जण गल्लीतच थांबतात. दाताचा दवाखाना, शिकवणीचा क्लास, पार्सलवाली मुलं. पार्सलं अर्थात आम्हीच मागवलेली. आणि काका स्वतः मंडईतून परतताना पलीकडच्या गल्लीतून शॉर्टकट मारतात, तिथल्या लोकांच्या दृष्टीने ते बाहेरचेच.

खरोखर आरपार जाणारी रहदारी आहे, नाही असं नाही, आणि ती वेगात जाते. ड्रमांमुळे तीही पलीकडच्या गल्लीत सरकली. तिथे शाळा आहे. आमच्याकडची पोरं आता बिनधास्त बॅडमिंटन खेळतात आणि तिकडची पोरं शाळा सुटल्यावर भिंतीला चिकटून चालतात.

बर्कलीच्या विद्यार्थ्याने डोनाल्ड ॲपलयार्ड या तिथल्या प्राध्यापकांचं काम पाठवलं. त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतले तीन रस्ते निवडले, एकावर दिवसाला साधारण 2,000 गाड्या, दुसऱ्यावर 8,000, तिसऱ्यावर 16,000. कमी रहदारीच्या रस्त्यावर माणसाला गल्लीत सरासरी 3 मित्र आणि 6.3 ओळखीचे. जास्त रहदारीच्या रस्त्यावर 0.9 मित्र आणि 3.1 ओळखीचे. हे त्यांच्या 1981 च्या पुस्तकातही आहे. पुढच्याच वर्षी अथेन्समध्ये एका भरधाव गाडीने त्यांचा बळी घेतला.

हे वाचल्यावर काकांवरचा राग थोडा निवला. गाड्या कमी करा ही मागणी खोटी नाही. गाड्या पुसून टाकता येत नाहीत, ढकलल्या जातात, हे त्या मागणीसोबत धरावं लागतं. ज्या गल्लीत त्या ढकलल्या जातील तिथल्या माणसाला विचारायला हवं, म्हणून तर हरकतींची रीत आहे.

8 ऑगस्ट, शुक्रवार

अखेर संयुक्त पाहणी. पालिकेच्या पथ विभागाचे कनिष्ठ अभियंता आणि वाहतूक शाखेचे एक अधिकारी. पाठोपाठ गल्ली. पालिकेचा ट्रक आला, ड्रम उचलून गेला. काका घरात होते. सिमेंटचा उंबराही फोडला.

मग चर्चा. तरुण मुलाचं म्हणणं, बोलार्ड लावा, मधून फक्त चालणारे जातील. अभियंत्याने टेप काढली. दोन बोलार्डांमध्ये किती अंतर ठेवायचं? चाकाची खुर्ची जायलाच हवी, त्यात तडजोड नाही. शेवटच्या इमारतीतले आजोबा आता खुर्चीत असतात. खुर्चीची रुंदी मोजली. मग शेजारच्या ॲक्टिव्हाची, हँडलसकट. जवळपास सारखी! खुर्चीला वाट दिली की स्कूटरला मिळाली, स्कूटरची अडवली की आजोबा अडकले.

सगळे गप्प. मला मात्र वर्गात एखादं प्रमेय सिद्ध झाल्यासारखा आनंद झाला. लोखंडाला माणसाचा हेतू कळत नाही, रुंदी कळते. पुढचं काम फलकाने, पोलिसाने आणि दंडाच्या पावतीनेच करायचं.

अधिकाऱ्यांनी दुसरे प्रश्न विचारले. गल्ली एका बाजूने बंद केली तर अग्निशमनची गाडी वळणार कुठे? फाटक लावलं तर रात्री किल्ली कोणाकडे? तो गावाला गेला तर? वॉचमनने एखाद्याला अडवलं आणि मारामारी झाली तर जबाबदार कोण? गेटची मागणी त्या किल्लीवर अडली. किल्ली ठेवायला कोणीच तयार होईना.

ठरलं ते असं : गल्ली बंद करायची नाही. संध्याकाळच्या वेळात एकेरी, जड वाहनांना दिवसभर मनाई, मानकाप्रमाणे गतिरोधक आणि सूचनाफलक. आधी तात्पुरता आदेश.

24 ऑगस्ट, रविवार

तीन दिवसांवर गणपती. कोपऱ्यावर मंडप उभा राहिला आणि काका पहिल्यांदा माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आले. “अर्धा रस्ता अडवलाय, बाई. आपल्या ड्रमांना एवढे नियम आणि यांना काहीच नाही?”

काहीच नाही असं कसं? ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये सविस्तर निकाल दिला. सणासाठी रस्त्यावर मंडप घालणं हा कोणाचा हक्क नाही. चालण्यायोग्य रस्ते आणि पदपथ हा नागरिकाचा हक्क आहे. रहदारीला अडथळा होईल अशी परवानगी पालिकेने देऊ नये. परवानगी द्यायची तर तपासून, आणि विनापरवाना मंडपांवर कारवाई.

आम्ही दोघं मंडपाशी गेलो. मंडळाच्या मुलाने प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून परवाना काढला : पालिकेचा, पोलिसांचा. मंडपाचं माप, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, अध्यक्षाचा मोबाइल नंबर. मी टेप काढणार तेवढ्यात तो म्हणाला, “मोजा काकू, आम्ही आधीच मोजलंय.” एक बांबू वीतभर पुढे होता. त्याने तिथल्या तिथे मागे घेतला.

काका परतताना काही बोलले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, “त्या पोरानं फोन नंबर दिला.”

6 सप्टेंबर, शनिवार

अनंत चतुर्दशी. लक्ष्मी, केळकर, कुमठेकर, टिळक रस्ते बंद. मिरवणूक उद्याही चालेल. लक्ष्मी रस्ता मात्र केवळ मिरवणुकीसाठीच बंद होतो असं नाही. 11 डिसेंबर 2021 ला महापालिकेने पादचारी दिन केला तेव्हा नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंत तो गाड्यांना बंद होता, नुसतं चालण्यासाठी. व्यापाऱ्यांना धास्ती होती. मी तेव्हा गेले होते. रस्त्याच्या मधोमध उभं राहून दोन्ही बाजूंच्या इमारतींचे वरचे मजले पाहिले. जन्म पुण्यात गेला, त्या लाकडी गॅलऱ्या कधी धड पाहिल्याच नव्हत्या. गाड्यांना रस्ता बंद करण्याविरुद्ध माझं काही नाही, हे वहीत नोंदवून ठेवते.

17 सप्टेंबर, बुधवार

तात्पुरता आदेश निघाला. कोपऱ्यावरच्या खांबाला प्रत लावली आहे. भाषा ओळखीची : अमुक ठिकाणापासून तमुक ठिकाणापर्यंत सायंकाळी एकेरी वाहतूक, फायर ब्रिगेड, पोलीस वाहने, रुग्णवाहिका अशा अत्यावश्यक सेवेतील वाहने खेरीज करून. नागरिकांनी हरकती व सूचना लेखी द्याव्यात, त्यांचा विचार करून अंतिम आदेश काढण्यात येईल. खाली पद, सही, तारीख.

सभेत काकांनी सूचना मांडली, वेळ काढून टाका, दिवसभर एकेरी करा आणि कायम करा. टाळ्या पडल्या. मी हरकत घेतली. दवाखाना, क्लास, घंटागाडी यांना दिवसा वळसा कशाला? आणि कायमचं कशासाठी? लंडनमध्ये गल्ल्यांतली रहदारी कमी करायला प्रायोगिक आदेश काढतात. तो 18 महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही, पहिले सहा महिने हरकती घेतात, त्यानंतर कायम करायचा की मागे घ्यायचा ते ठरवावंच लागतं. तिथेही भांडणं होतात, अगदी न्यायालयापर्यंत जातात, पण भांडायची मुदत सर्वांना ठाऊक असते.

माझ्या सूचना मी वेगळ्या लिहिल्या. एक, अंतिम आदेशात फेरविचाराची तारीख घालावी. दोन, पलीकडच्या गल्लीतली रहदारी आदेशाआधी आणि नंतर पालिकेने मोजावी, शाळा सुटायच्या वेळी खास. तीन, फलकावर आदेशाचा क्रमांक आणि दिनांक छापावा, म्हणजे कोणी विचारलं “हे कोणी केलं?” तर उत्तर खांबावरच मिळेल. काकांना वाचून दाखवलं. म्हणाले, “ही तर आपल्याच आदेशाला हरकत झाली.” मी म्हटलं, आदेश आपला नाही, आयुक्तालयाचा आहे, म्हणून तर त्याला हरकत घेता येते. ड्रमांना कुठे घेता येत होती?

पलीकडच्या गल्लीतल्या बायका उद्या येणार आहेत. त्यांना आदेशाविरुद्ध लिहायचंय, शाळेचा मुद्दा घालून. नमुना मीच करून देणार आहे. मुदत थोडी उरली आहे आणि पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका, हे त्यांना आधी सांगायला हवं.